चर्चमधल्या लग्नात मेणबत्ती कोणती, केव्हा आणि कोणी लावायची?

एका नवरीचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात लग्न आहे. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू. डेकोरेशनवाल्यांनी ‘युनिटी कँडल’ सुचवली आहे. त्यात वधू-वरांनी एकेक मेणबत्ती हातात घ्यायची, दोघांनी मिळून तिसरी मोठी मेणबत्ती पेटवायची आणि हातातल्या विझवून टाकायच्या. मुलाच्या आईची इच्छा मात्र समई लावायची आहे. फादर म्हणाले, सॅक्रिस्टीत (विधीची वस्त्रं-भांडी ठेवण्याच्या चर्चमधल्या खोलीत) विचारून घ्या. यातलं काय चालतं, कोणत्या मेणबत्त्या आणायच्या आणि त्या कोणी लावायच्या?

समई चालते, अगदी आनंदाने चालते. वेदीवरच्या मेणबत्त्या चर्चच लावतं, त्यांची काळजी तुम्ही करू नका. तीन मेणबत्त्यांचा तो प्रकार विधीचा भाग नाही. हवाच असेल तर त्याला जागा काढून देता येते, पण त्यात काहीही विझवू नका, एवढं आधीच सांगते. आता कारणं आणि तपशील. नागपुरातल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका भागासाठीच्या स्थानिक चर्चमध्ये, मी बरीच वर्षं सॅक्रिस्टीचं काम बघते. वेदीची वस्त्रं, भांडी, मेणबत्त्या आणि लग्नाच्या आदल्या दिवशीची तालीम, हे सगळं त्यात आलं.

लग्न लागतं ते वधू-वरांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाने. फादरसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर दोघं एकमेकांना आयुष्यभराचा शब्द देतात, सुखात, दुःखात, आजारपणात आणि चांगल्या दिवसांतही सोबत राहण्याचा. फादर चर्चच्या वतीने तो स्वीकारतात. मग अंगठ्यांना आशीर्वाद, अंगठ्या घालणं, सगळ्यांसाठी प्रार्थना आणि वधू-वरांवरचा आशीर्वाद. १९६९ साली सुधारलेल्या विवाहविधीत आणि १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘युनिटी कँडल’ कुठेही सापडणार नाही. ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या लग्नांमध्ये रुळली आणि तिथून व्हिडिओ आणि इव्हेंटवाल्यांच्या हाताने आपल्याकडे आली. काही देशांत मेणबत्तीची स्वतःची जुनी चाल आहे. फिलिपिन्समध्ये कॅथलिक लग्नात मेणबत्ती लावण्याचा मान मिळालेली खास जोडी असते. पूर्वेकडच्या बायझंटाइन परंपरेत वधू-वर हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊनच उभे राहतात. आपल्या रोमन विधीत तसं काही नाही.

नाही म्हणजे मनाई आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. निर्णय तुमच्या पॅरिशच्या फादरांचा. काही जण परवानगी देतात, काही जण ‘हॉलवर करा’ म्हणतात. मला विचाराल तर ‘हॉलवर करा’ म्हणणाऱ्या फादरांचं म्हणणं मला पटतं. शब्द देण्याच्या क्षणी माइक नीट लागलेला असावा, दोघांनी एकमेकांकडे बघावं आणि मागच्या बाकावरच्या आजीलाही ते शब्द ऐकू यावेत. प्रत्यक्षात काय होतं? शब्द घाईघाईने पुटपुटले जातात, आणि मेणबत्तीच्या वेळी तीन फोटोग्राफर पुढे सरसावतात, दिवे मंद होतात, गाणं सुरू होतं. लग्न कशाने लागलं, हे पाहुण्यांना विचारलं तर ते मेणबत्तीकडे बोट दाखवतील. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मनापासून आहे.

आता चर्चमध्ये आधीपासून जो प्रकाश असतो त्याबद्दल. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) सर्वसाधारण सूचनांमध्ये ११७ व्या परिच्छेदात सांगितलंय की वेदीवर किंवा वेदीजवळ किमान दोन पेटत्या मेणबत्त्या हव्यात. चार किंवा सहाही चालतात, आणि धर्मप्रांताचे बिशप स्वतः मिस्सा अर्पण करत असतील तर सात. ३०७ व्या परिच्छेदात म्हटलंय की त्या अशा ठेवाव्यात की लोकांना वेदीवर काय चाललंय ते नीट दिसावं. तुमच्या लग्नात एक जण बाप्तिस्मा न घेतलेला असल्याने बहुधा मिस्सा नसेल, बायबल-वाचन आणि विवाहविधी एवढंच होईल. तरी वेदीवरच्या दोन मेणबत्त्या लागतातच. फुलांबद्दलही तिथेच सूचना आहे की सजावट आटोपशीर असावी आणि ती वेदीवर ठेवण्यापेक्षा वेदीभोवती असावी. वेदीच्या पृष्ठावर विधीला लागतं तेवढंच ठेवतात. त्यामुळे तुमची मेणबत्ती, समई, फोटो किंवा फुलांचा गुच्छ वेदीवर येणार नाही. बाजूला छोटं टेबल मिळेल.

आणि तुमच्या तारखेत एक गोष्ट आहे जी डेकोरेशनवाल्याला माहीत नसणार. एप्रिलचा शेवटचा आठवडा दरवर्षी पुनरुत्थान काळातच येतो. ईस्टर उशिरात उशिरा २५ एप्रिलला येतो आणि पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, पन्नास दिवस हा काळ चालतो. या दिवसांत वेदीजवळ पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती उभी असते. तिच्यावर क्रूस कोरलेला असतो, वर-खाली ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे, आणि पाच घावांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणे टोचलेले. ती दरवर्षी नवी असते आणि मेणाचीच असावी लागते, नकली चालत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री बाहेर पेटवलेल्या अग्नीवर ती लावतात, अंधाऱ्या चर्चमध्ये ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असं तीनदा गात आत आणतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटतात. तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुमच्या आई-वडिलांच्या किंवा गॉडपेरेंट्सच्या हातात दिलेली छोटी मेणबत्तीही अशाच मेणबत्तीवरून पेटवलेली होती. पेन्टेकॉस्टनंतर ही मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या जागी जाते आणि मग बाप्तिस्मा आणि अंत्यविधी या दोनच वेळी लावली जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात लग्न करणाऱ्यांना ती लग्नात मिळत नाही. तुम्हाला मिळणार आहे. फादरांना एवढंच विचारा, की आमच्या लग्नात ती लावलेली असेल ना.

तुमच्याकडे बाप्तिस्म्याची मेणबत्ती जपलेली असेल तर ती आणावीशी वाटेल. दोघंही कॅथलिक असते तर मी स्वतःच सांगितलं असतं की दोघांच्या बाप्तिस्म्याच्या मेणबत्त्या आणा. पण इथे तुमच्या हातात अर्थाने भरलेली मेणबत्ती आणि मुलाच्या हातात दुकानातून आणलेली, असं नको. त्याच्या घरचे पाहत असतात. त्याला भरतीला आणल्यासारखं वाटू नये. तुमची मेणबत्ती त्या दिवशी सकाळी घरी, निघण्याआधी लावा. ती वेळ आई-वडिलांसोबतची असू द्या.

आता समई. १९६९ च्या एप्रिलमध्ये भारतातल्या चर्चसाठी उपासनेतल्या बारा अनुकूलनांना (इथल्या रीतीप्रमाणे केलेल्या बदलांना) रोमहून मान्यता मिळाली. पादत्राणं काढणं, अंजलिहस्त (हात जोडून नमस्कार), पंचांग प्रणाम (जमिनीला टेकून नमस्कार), आरती यांच्यासोबत त्यात स्पष्ट लिहिलंय की मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे वापरता येतील, आणि सुरुवातीच्या विधीत दीपप्रज्वलन करता येईल. म्हणजे तुमच्या सासूबाई जे मागताहेत ते चर्चला अर्ध्या शतकाहून जास्त काळ मान्य आहे. त्यासाठी कुणी कुणावर मेहरबानी करत नाहीये. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात नवऱ्या मुलाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींची गोष्ट आहे. त्यांच्या हातात तेलाचे दिवेच होते, आणि पाचजणींनी जास्तीचं तेल घेतलं होतं. समईशेजारी तेलाची बाटली ठेवताना मला ती गोष्ट दरवेळी आठवते.

कोणती समई? बऱ्याच पॅरिशमध्ये वर क्रूस असलेली पितळी समई असते, ती मागा. सासूबाईंना घरचीच हवी असेल तर घरातली दुसरी एखादी आणा, पण देवघरातली रोजच्या पूजेची तिथेच राहू द्या. त्यात दोन्ही घरांच्या श्रद्धेचा मान राहतो. फुलं पुरेशी आहेत, हळद-कुंकू लावायचं मनात असेल तर फादरांना आधी विचारा. समईखाली मोठी परात ठेवा, नाहीतर तेल गालिच्यावर जातं. पाचही वाती तेलात पूर्ण भिजवून टोकं वर काढा आणि टोकांना कापराची चिमूटभर पूड लावा. तेवढ्याने वात क्षणात पेटते. कोरडी वात पेटवत बसलेली विहीणबाई आणि मागे थांबलेलं गायनवृंद, हे दृश्य टाळता येण्यासारखं आहे.

कोणी लावायची? दोन्ही आयांनी, प्रवेशानंतर, सुरुवातीलाच. इथे मला थोडं जोर देऊन बोलायचं आहे. लग्नाच्या बोलणीत कधीकधी दबक्या आवाजात सांगितलं जातं, ‘मुलाची आई एकटी आहे, तिच्याऐवजी काकूंना लावू द्या.’ पतीच्या मागे मुलाला वाढवलेल्या बाईला तिच्याच मुलाच्या लग्नात दिव्यापासून लांब ठेवायचं, हे चर्चमध्ये चालवून घेऊ नका. विधीत अशी कुठलीही अट नाही. ती आई विधवा असो, घटस्फोटित असो, ख्रिस्ती नसो, दिवा लावायला तिला कुणाची हरकत नाही. ती स्वतःच मागे सरत असेल तर तालमीच्या दिवशी तिच्या हातात काडेपेटी द्या आणि तिच्याकडून एकदा लावून घ्या. मग त्या दिवशी तिचा हात थरथरत नाही. मी हे तालमीत नेहमी करते आणि यावरून कुणाचं मन दुखावलेलं मला आठवत नाही.

माझी सूचना अशी. पाच वातींपैकी दोन आयांनी लावाव्यात, दोन दोघा साक्षीदारांनी. पाचवी ठेवून द्या. शब्द दिला, अंगठ्या घातल्या, प्रार्थना आणि आशीर्वाद झाला, की रजिस्टरवर सही करायला जाण्याआधी तुम्ही दोघांनी मिळून पाचवी वात लावावी. युनिटी कँडलमध्ये जे छान आहे ते सगळं यात येतं. आई-वडिलांच्या घरचा दिवा तेवत राहतो, तुमचा त्याच्या शेजारी लागतो आणि कुणालाच काही विझवावं लागत नाही. विझवण्याबद्दल माझा हट्ट यासाठी, की आपल्याकडे शुभकार्यात कुणी दिवा फुंकून घालवत नाही. तुमचे पाहुणे ते पाहून अस्वस्थ होतील आणि तोंडाने बोलणार नाहीत. शिवाय लग्नाने कुणी संपत नाही. तुम्ही तुम्हीच राहता, तुमची प्रार्थनाही तुमची राहते, आणि चर्च तुम्हाला या लग्नासाठी जी परवानगी देतं तीही हे गृहीत धरूनच.

त्या परवानगीचा विषय निघालाच आहे तर: बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्नासाठी बिशपांकडून सूट घ्यावी लागते, तिच्याशिवाय चर्चच्या दृष्टीने लग्न वैध ठरत नाही. अर्ज पॅरिशच्या फादरांमार्फत जातो. मेणबत्त्यांचा रंग ठरवण्याआधी हा कागद मार्गी लावा.

मेणबत्ती लावताना वाचायला म्हणून इव्हेंटवाले एक कार्ड देतात. ते आधी वाचून बघा. त्यात बहुतेक वेळा पुन्हा ‘मी तुला वचन देतो, मी तुझा स्वीकार करते’ असंच काहीतरी असतं. शब्द एकदाच दिला जातो. चर्चचा कायदा तर याबाबत काटेकोर आहे, कारण लग्नाची संमती देण्यासाठी किंवा पुन्हा उच्चारण्यासाठी आणखी एक धार्मिक सोहळा आधी किंवा नंतर करायला त्यात मनाई आहे. दिवा लावताना गप्प राहा, किंवा गायनवृंदाला एखादं भजन म्हणू द्या.

तरीही मेणबत्तीच हवी असेल, तर आता नागपूरच्या उन्हाबद्दल ऐका. हे मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला सांगूनही कळत नाही. एप्रिल अखेरीला दुपारी पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो. साध्या पॅराफिनचा वितळणबिंदू साधारण पन्नास ते साठ अंशांच्या मध्ये असतो आणि वाकायला त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात होते. चारच्या लग्नासाठी तीन वाजता स्टँडवर उभ्या केलेल्या उंच, बारीक मेणबत्त्या प्रवेशगीताच्या वेळी कमरेत वाकलेल्या असतात. आणि गाडीत ठेवल्या तर विचारायलाच नको. उन्हात उभ्या गाडीच्या आत मेण मऊ होऊन एकमेकांना चिकटतं, सरळ करायला गेलं की तुकडा पडतो. म्हणून जाड आणि बुटकी मेणबत्ती घ्या, तीन इंच व्यासाची, सहा-आठ इंच उंच. मधमाशीच्या मेणाची मिळाली तर उत्तम, तिचा वितळणबिंदू बासष्ट ते चौसष्ट अंश, वासही सौम्य. सुगंधी, चमकी लावलेली, फोटो छापलेली किंवा जेलची नको. फोटोचा कागद आणि चमकी मेणाबरोबर जळतात, भपकन ज्योत उठते. मेणबत्त्या गार खोलीत, आडव्या, कापडात गुंडाळून ठेवा आणि अर्धा तास आधी चर्चमध्ये आणा.

नव्या मेणबत्तीची कोरी वात लवकर पेट घेत नाही. आदल्या दिवशी पाच मिनिटं लावून शांत करा, म्हणजे वातीचं टोक काळं होतं. मग वात पाव इंचावर कापा. दुसऱ्या दिवशी ज्योत नुसती टेकवली की पेटते. हे एवढं केलंत तर अर्धी धांदल वाचेल.

दुसरा शत्रू कूलर. कूलरच्या झोतात कुठलीही ज्योत टिकत नाही. ती एका बाजूला झुकते आणि मेण त्याच बाजूने ओघळून टेबलक्लॉथवर येतं. कूलर बंद करा असं मी कधीच सांगत नाही, त्या उकाड्यात म्हातारी माणसं असतात. समईची आणि मेणबत्तीची जागा तालमीच्या दिवशी सगळे कूलर आणि पंखे चालू ठेवून ठरवा. जिथे ज्योत सरळ राहते ती जागा, मग ती फोटोग्राफरला आवडो न आवडो. मेणबत्तीला उंच काच लावता येते. तेलाला उष्णतेचं काही वाटत नाही, हा समईचा आणखी एक गुण.

बाकांच्या टोकांना मेणबत्त्या, वाटेवर काचेच्या भांड्यांत तरंगत्या मेणबत्त्या, वेदीच्या पायऱ्यांवर रांगा, असल्या सजावटीला मी सरळ नाही म्हणते. नवरीचा व्हेल (डोक्यावरून सोडलेलं पातळ वस्त्र) नायलॉनच्या जाळीचा असतो, पाहुण्या बायकांचे पदर जॉर्जेटचे, आणि वाटेत लहान मुलं धावतात. नायलॉन पेटला की वितळून अंगाला चिकटतो. दिवा लावताना व्हेल मागे घेऊन पिनांनी पक्का करा आणि करवलीला मागे उभी करा, तिच्याकडे दुसरं काही काम नको. पास्काच्या मेणबत्तीवरून ज्योत घ्यायची असेल तर ती तुम्ही घेऊ नका. ती उंच असते, हात वर केला की बाही आणि व्हेल दोन्ही ज्योतीजवळ जातात. वेदीसेवक मुलगा लांब पेटवणीने ज्योत आणून तुमच्या हातात बारीक मेणबत्ती देईल. तिला पुठ्ठ्याची चकती लावलेली हवी, नाहीतर गरम मेण थेट मेंदीवर. वाळूची छोटी बादली सॅक्रिस्टीच्या दाराशी असतेच, नसेल तर मागून घ्या.

तुमच्या नातेवाइकांत कुणी म्हणेल की आमच्याकडे असं नसतं. खरंच आहे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, १९५३ पासून महाधर्मप्रांत. रेल्वे, लष्कर, शाळा आणि दवाखान्यांच्या निमित्ताने इथे सगळीकडची माणसं आली. सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलपासून कामठीपर्यंत एकाच रविवारी किती भाषांत प्रार्थना होतात ते बघा. मल्याळी घरांत मिन्नू (मंगळसूत्रासारखं पदक) बांधतात आणि मंत्रकोडी (लग्नाची साडी) देतात, तमिळ घरांत ताली, मराठी घरांत मंगळसूत्र. लोकांच्या लग्नातल्या चांगल्या चाली जपाव्यात, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच (१९६२-६५ मधल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनेच) सांगून ठेवलंय. त्यामुळे कुणाची चाल खरी कॅथलिक यावर वाद घालू नका.

मेणबत्ती वापरलीत तर ती लग्नानंतर हॉलवर विसरू नका, तिथे ती केकच्या खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. घरी न्या, लग्नाच्या दर वाढदिवसाला लावा, पूर्ण जळू द्या. आशीर्वादित मेणबत्तीचा उरलेला तुकडा फेकत नाहीत, चर्चमध्ये परत आणून दिला तरी चालतो. २ फेब्रुवारीला, येशूच्या समर्पणाच्या सणाला, चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. घरात वर्षभर लागणाऱ्या त्या दिवशी घेऊन या.

तालमीला दोन्ही आया, दोन्ही साक्षीदार, वाचन करणारे आणि फोटोग्राफर एवढे सगळे हवेत. शक्यतो लग्नाच्याच वेळेला ठेवा, म्हणजे ऊन आणि कूलर दोन्ही तसेच मिळतील. येताना तिळाचं तेल, जाड वाती, कापूर, लांब नळीचा लायटर आणि एक जुना टॉवेल आणा. परात आमच्याकडे आहे.